सामायिक संदेशयंत्रणा आणि परका ग्राहक : कारंजाच्या बाजाराच्या संदर्भात एक समीक्षा

१

एखाद्या संस्थेने आपल्या अंतर्गत व्यवहारासाठी उभारलेल्या संदेशयंत्रणेत बाहेरच्या ग्राहकाला जोडून घ्यावे की नाही, आणि घ्यावयाचे झाल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. बँका, रोखेबाजार, विमा कंपन्या आणि अलीकडे कृषी उत्पन्न बाजार समित्या यांच्यापुढे तो आज उभा आहे. त्याची चर्चा बहुधा दोन टोकांवर होते. एका पक्षाच्या मते यंत्रणा घरची आहे आणि घरात परक्याला वाव नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते ग्राहकाला थेट जोडल्याने वेळ व खर्च वाचतो, आणि सर्वांना सारखीच जोडणी दिली म्हणजे सर्वांना सारखाच न्याय मिळतो.

या दोन्ही भूमिका प्रवेशापाशीच थांबतात, हा त्यांचा समान दोष आहे. आत आलेल्या अनेक परक्यांपैकी संदेश आधी कोणाला मिळतो, तो क्रम कोण ठरवतो आणि कोणाला तपासता येतो, हा खरा प्रश्न आहे. सामायिक यंत्रणेची न्याय्यता जोडणीच्या संख्येवर अवलंबून नसून क्रमाच्या नियमावर अवलंबून आहे, हे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव विचारात घेणे उपयुक्त ठरेल. संगणकाचा मागमूसही नव्हता अशा काळात तेथे याच प्रश्नाला एक उत्तर दिले गेले. ते उत्तर अपुरे होते. परंतु त्याचा अपुरेपणाही आज बोधप्रद आहे.

२

प्रथम सामायिक संदेशयंत्रणा म्हणजे काय, हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. मोठ्या संस्थेत अनेक संगणकीय कामे एकाच वेळी चालू असतात. एक काम मागणी नोंदवते, दुसरे साठा मोजते, तिसरे हिशेब ठेवते. प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वतंत्र जोडणी केली, तर अवघ्या १० कामांसाठी ४५ जोडण्या लागतात. त्याऐवजी मध्ये एक मध्यस्थ ठेवला, तर प्रत्येकाला एकच जोडणी पुरते. आलेला संदेश मध्यस्थ रांगेत ठेवतो आणि ज्याला तो हवा असेल त्याच्याकडे पोचवतो. या मध्यस्थाला तंत्रज्ञांच्या भाषेत ‘ब्रोकर’ म्हणतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. बाजारपेठेतील अडत्याप्रमाणेच तोही स्वतःच्या मालकीचा नसलेला माल सांभाळतो आणि दोन्ही बाजूंचा विश्वास हेच त्याचे भांडवल असते.

या कल्पनेच्या प्रसारात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांचा वाटा मोठा आहे. १९८६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि ‘इन्फर्मेशन बस’ या नावाची रचना सिद्ध केली. गोल्डमन सॅक्स या न्यूयॉर्कच्या वित्तसंस्थेच्या व्यवहारकक्षात तिचा आरंभीचा वापर झाला. पुढे रॉयटर्सने ती कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये रणदिवे यांनी टिब्को ही नवी कंपनी स्थापन केली. या रचनेचे मर्म असे की, संदेश पाठवणारा तो कोणाला पाठवायचा हे ठरवत नाही. तो केवळ विषय सांगतो; ज्याला तो विषय हवा असेल त्याने त्याची मागणी आधी नोंदवून ठेवलेली असते. पाठवणारा आणि घेणारा परस्परांना अनोळखी राहू शकतात. एका संस्थेच्या चार भिंतींत हा मोठाच गुण आहे, कारण त्यामुळे नवे काम जोडताना जुन्याला हात लावावा लागत नाही.

परंतु हा गुण काही गृहीतांवर उभा आहे, हे विसरून चालणार नाही. पहिले गृहीत असे की, सर्व जोडलेली कामे एकाच धन्याची आहेत. त्यामुळे एकाला संदेश दुसऱ्याच्या आधी मिळाला, तरी लाभ शेवटी एकाच घरात राहतो. दुसरे असे की, एखादे काम संदेश उचलण्यात मागे पडून त्याची रांग तुंबली, तर शेजारच्या खोलीत जाऊन ते दुरुस्त करता येते. तिसरे असे की, विषयांची नावे आणि संदेशांची घडण आज एक व उद्या दुसरी करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. चौथे असे की, कोण काय ऐकतो यावर पहारा ठेवण्याची गरज नाही, कारण ऐकणारे सगळे आपलेच आहेत.

परका ग्राहक जोडला जाताच ही चारही गृहीते एकदम कोसळतात. मागे पडणाऱ्या ग्राहकासाठी मध्यस्थाला संदेश साठवून ठेवावे लागतात. साठवणीची जागा सामायिक असेल, तर एकाच्या मंदपणाचा उपद्रव सर्वांना होतो. संदेशाची घडण बदलण्यास आता दहा संस्थांची संमती लागते. एका ग्राहकाच्या विषयावर दुसऱ्याने कान ठेवला, तर व्यापारी गुपित फुटते. ही संकटे गंभीर असली तरी ओळखीची आहेत आणि ती दृष्टीस पडतात. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र रांग, साठ्याला मर्यादा, विषयवार परवानगी आणि घरच्या यंत्रणेपासून अलग असे प्रवेशद्वार, हे त्यांवरील उपाय सर्वमान्य आहेत. पहिल्या गृहीताचे मात्र तसे नाही. क्रमाचा अन्याय दिसत नाही. रांग तुंबली तर तक्रार येते. संदेश क्षणाच्या एका अंशाने उशिरा आला, तर ज्याचे नुकसान झाले त्यालाही ते कळत नाही.

३

घरची यंत्रणा परक्याला खुली करण्याचा प्रसंग भारतात विजेच्या तारेच्या बाबतीत आला. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या राज्यकारभारासाठी उभारलेली तार १८५५ मध्ये जनतेला खुली झाली. त्या व्यवस्थेचे दोन विशेष होते. पहिला हा की, ग्राहक तारेला कधीही स्पर्श करत नसे. तो खिडकीवर कागद देई. आतील तारमास्तर तो मजकूर स्वतः पाठवी. परक्याचा संदेश आत जाई, परका बाहेरच राही. दुसरा विशेष असा की, क्रम जाहीर होता. सरकारी तार, तातडीची तार आणि साधी तार असे वर्ग ठरलेले होते, आणि तातडीसाठी अधिक आकार द्यावा लागे. ही विषमता खरीच. पण ती फलकावर लिहिलेली विषमता होती. आपली तार दुसऱ्याच्या मागे का गेली, हे ज्याला जाणून घ्यायचे त्याला जाणता येत असे.

तारेने वऱ्हाडात जे घडवले ते मात्र खिडकीच्या या नियमाने भागणारे नव्हते. १८७० मध्ये समुद्राखालील तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली आणि लिव्हरपूलच्या कापसाचे भाव काही तासांत मुंबईच्या पेढ्यांवर येऊ लागले. त्याच वर्षी जलंब-खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वऱ्हाडी कापसाला इंग्लंडच्या बाजारात स्थान होते. ज्याच्या हाती तार त्याच्या हाती भाव, अशी स्थिती आली. बैलगाडी घेऊन बाजारात येणाऱ्या कास्तकाराला खिडकी खुली होती, परंतु तिचा आकार परवडणारा नव्हता आणि तिच्यातून काय विचारावे हेही ठाऊक नव्हते. म्हणजे प्रवेश सर्वांना होता; ज्ञान काहींनाच होते. प्रवेशाच्या समानतेने व्यवहाराची समानता येत नाही, याचा हा आपल्याकडील पहिला दाखला म्हणावा लागेल.

४

या पार्श्वभूमीवर १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथे नियमित कापूसबाजार स्थापन झाला. भारतातील पहिला नियमित बाजार म्हणून त्याचा निर्देश केला जातो. पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने त्या प्रयोगाला व्यापक रूप दिले. बाजाराची जागा जाहीर करणे, देखरेखीसाठी समिती नेमणे, दलाल व मापारी यांना परवाने देणे आणि वजनमापांची तपासणी करणे, ही त्या व्यवस्थेची अंगे होत. इंग्लंडच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दरात मिळावा, हा राज्यकर्त्यांचा हेतू होता. तो लपवण्याचे कारण नाही. तथापि हेतू कोणताही असो, त्यातून एक तत्त्व प्रस्थापित झाले: ज्या जागेत अनेक परके एकत्र येतात, ती जागा मालकाच्या मर्जीवर न चालता जाहीर नियमावर चालली पाहिजे.

या तत्त्वाचे महत्त्व ज्या पद्धतीशी त्याला झगडावे लागले तिच्यावरून कळते. देशातील अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत होती. खरेदीदार आणि अडत्या यांचे हात कापडाखाली मिळत. माल उघड्यावर, माणसे उघड्यावर, भाव तेवढा झाकलेला. ज्याचा माल तोच त्या संदेशाला पारखा असे. उघड लिलावाने, म्हणजेच वऱ्हाडी बोलीतील हर्रासाने, हे कापड उचलले. बोली मोठ्याने उच्चारली जाते. ढिगाभोवतीचे सगळे ती एकाच वेळी ऐकतात. दुसऱ्याने किती दिले हे तिसऱ्याला कळते. संदेशशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हर्रास हे समकालिक प्रसारण आहे आणि रुमाल ही खासगी रांग आहे. महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानंतर बाजार समित्यांची जी घडण झाली, तिच्यात उघड लिलावाला मध्यवर्ती स्थान मिळाले.

वऱ्हाडच्या या व्यवस्थेची उणीवही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. समितीवर व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते आणि उत्पादकाला तीत स्थान नव्हते. १९२८ मध्ये शाही शेतकी आयोगाने नियमित बाजारांचा पुरस्कार करताना या दोषाकडे लक्ष वेधले. नियम जाहीर होते, परंतु ते करणारे आणि राबवणारे बव्हंशी एकाच बाजूचे होते. क्रमाचा नियम असणे ही न्यायाची पहिली पायरी आहे. त्या नियमावर कोणाची नजर आहे, ही दुसरी.

५

कारंजाच्या बाजारातून मुंबईच्या रोखेबाजाराकडे वळणे प्रथमदर्शनी दूरचे वाटेल. परंतु कापडाखालच्या हातांचा प्रश्न तेथे आधुनिक रूपात पुन्हा उपस्थित झाला. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये व्यवहार सुरू केले, तेव्हा त्याने उपग्रहाच्या द्वारे देशभरच्या दलालांना आपल्या संगणकाशी जोडून घेतले. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात प्रत्यक्ष उभे राहण्याची गरज त्यामुळे संपली. परक्याला जोडून घेण्याचा हा निर्णय निःसंशय हितकारक होता. यातील एक भौतिक सत्य दुर्लक्षित राहते. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. संदेशाला तेवढे वर जाऊन खाली यावे लागत असल्याने मुंबईचा दलाल आणि मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावातला दलाल यांच्या अंतरातील फरक नगण्य ठरे. ती समानता कोणत्याही नियमाने आणलेली नव्हती. ती भूमितीची देणगी होती.

२०१० मध्ये बाजाराने दलालांना आपले संगणक बाजाराच्याच आवारात, त्याच्या सर्व्हरशेजारी ठेवण्याची सोय शुल्क आकारून दिली. तारेच्या काळातील भाषेत सांगायचे, तर ग्राहक खिडकीबाहेरून उठून तारमास्तराच्या खोलीत आला. ही सोय विकत मिळणारी आणि जाहीर होती; तातडीच्या तारेप्रमाणे ती फलकावरची विषमता होती, म्हणून तेवढ्यावरूनच तिला दोष देता येणार नाही. दोष निराळ्या ठिकाणी होता. प्रत्येक सौद्याची व मागणीची क्षणोक्षणीची माहिती ज्या पद्धतीने जोडलेल्या संगणकांना पाठवली जाई, ती एकामागून एक अशी होती. प्रत्येक ग्राहकाशी स्वतंत्र जोडणी असे आणि सर्व्हर एकेकाला तोच संदेश क्रमाने देई. सकाळी ज्याने आधी जोडणी केली, त्याला दिवसभर संदेश आधी मिळण्याचा संभव असे. ग्राहकांचा भार सर्व्हरांवर समतोल वाटण्याची अथवा क्रम यदृच्छेने बदलण्याची तरतूद पुरेशी नव्हती.

शुल्क सर्वांनी भरले होते, जोडणी सर्वांना होती, संदेशाचा मजकूरही एकच होता. तरीही रांगेत पहिला असलेला आणि शेवटचा असलेला यांचे हित एक नव्हते. २०१४ मध्ये बाजाराने एकच संदेश सर्वांना एकदम देणारी बहुप्रसारण पद्धत आणली. २०१५ मध्ये निनावी तक्रारी झाल्या आणि प्रकरण सेबीकडे गेले. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशाने सेबीने बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्यास सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो वसुलीचा भाग रद्द केला, मात्र दक्षतेतील कसुरीबद्दल १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा आरोप पुराव्याअभावी निकालात काढला.

या निकालांचा अर्थ लावताना टीकाकारांची बहुधा गल्लत होते. संगनमत सिद्ध झाले नाही, म्हणून काहीच बिघडले नव्हते, असे एक म्हणतो. एवढा मोठा आदेश निघाला होता, म्हणून संगनमत असलेच पाहिजे, असे दुसरा म्हणतो. दोघेही अपराधी माणसाचा शोध घेतात. वस्तुतः या प्रकरणाचा शास्त्रीय बोध असा की, क्रमाचा अन्याय होण्यास अपराधी माणसाची गरजच नसते. घरच्या वापरासाठी निर्दोष असलेली पाठवणीची रीत परस्परविरोधी हिताच्या ग्राहकांना लावली, एवढे त्याला पुरेसे आहे. १९८६ च्या सुमारास व्यवहारकक्षासाठी रचलेल्या यंत्रणेत सर्व ऐकणारे एका धन्याचे होते. येथे प्रत्येक ऐकणाऱ्याचा धनी वेगळा होता. जोडणीची संख्या वाढली, पण गृहीते जुनीच राहिली.

६

हा बोध वाशीम जिल्ह्याला प्रत्यक्ष लागू पडतो. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजाराचा आरंभ झाला आणि पुढे महाराष्ट्रातील शंभराहून अधिक बाजार समित्या त्यात आल्या. त्यात सहभागी होण्यासाठी राज्यांपुढे तीन अटी होत्या: राज्यभर चालणारा एकच परवाना, बाजारशुल्काची एकाच ठिकाणी आकारणी आणि इलेक्ट्रॉनिक लिलाव. बाहेरच्या खरेदीदाराला स्थानिक बाजाराच्या यंत्रणेत जोडून घ्यावे, हाच या योजनेचा गाभा. कापसाबरोबरच आज सोयाबीनवर ज्याची मदार आहे, अशा या जिल्ह्यातील शेतकऱ्याला अधिक खरेदीदार मिळणे हिताचे आहे, यात शंका नाही.

परंतु येथे क्रमाचा प्रश्न नव्या वेशात येतो. पडद्यावरील बोली सर्वांना एकाच वेळी दिसेल; पण बोली लावण्यापूर्वी जे कळावे लागते, ते सर्वांना एकाच वेळी कळत नाही. स्थानिक खरेदीदार ढिगात हात घालतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो, काडीकचरा किती याचा अंदाज घेतो. दूरच्या खरेदीदाराजवळ केवळ संदेश असतो: ओलावा इतका, कचरा इतका. सोयाबीनमध्ये ओलाव्याचे प्रमाण भावावर थेट परिणाम करते. हमीभावाच्या खरेदीत ते १२ टक्क्यांवर मानलेले आहे, आणि २०२४ च्या खरीप हंगामात ते १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावे लागले, यावरून या एका आकड्याचे वजन ध्यानात येईल. तपासणीचा आकडा उशिरा आला, किंवा तो विश्वसनीय वाटला नाही, तर बाहेरचा ग्राहक जोडलेला असूनही बोली लावणार नाही. तो यंत्रणेच्या आत असेल, पण बाजाराच्या बाहेर. ढिगापाशी उभा असलेला मात्र दोन संदेशांचा धनी होतो: एक पडद्यावरचा आणि एक हाताच्या बोटांना कळलेला. रुमाल गेला, तरी बोटांचे ज्ञान असे उरते.

म्हणून ‘परवाना एक झाला, जोडणी सर्वांना मिळाली, स्पर्धा आपोआप होईल’ हा युक्तिवाद अपुरा आहे. त्यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक ढिगाची काटेकोर तपासणी करण्यास वेळ लागतो, आणि आवकेच्या दिवसांत ताटकळत बसलेल्या शेतकऱ्याला तो वेळ परवडत नाही. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचा अर्थ तपासणी टाळावी असा होत नाही. तपासणी हाच संदेशयंत्रणेचा मुख्य भाग आहे आणि खर्च तेथे व्हावयास हवा, असा होतो. संदेश वाहणारी तार कितीही वेगवान असली, तरी संदेशच जर अर्धा असेल, तर ती वेगाने अर्धेच वाहून नेणार.

७

वरील विवेचनावरून काही निकष हाती येतात. पहिला निकष खिडकीचा. परक्या ग्राहकाने घरच्या मध्यस्थाला थेट हात लावू नये. त्याच्यासाठी वेगळा मध्यस्थ, वेगळी रांग आणि ठरलेली मर्यादा असावी. दुसरा निकष क्रमाचा. संदेश सर्वांना एकदम द्यावा. ते शक्य नसेल तर क्रम कसा ठरतो हे आधी जाहीर करावे. विकत मिळणारे प्राधान्य एक वेळ क्षम्य आहे, अज्ञात प्राधान्य नाही. तिसरा निकष नोंदीचा. कोणता संदेश कोणाला कोणत्या क्षणी मिळाला याची नोंद असावी आणि ती केवळ मालकाला नव्हे, तर ग्राहकालाही पाहता यावी. खिडकीचा निकष अभियंत्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. क्रमाचा निकष बाजाराने महागात शिकून घेतला. नोंदीचा निकष अद्याप पुष्कळ ठिकाणी कागदावरच आहे.

चौथा निकष मात्र तंत्राच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि तो कारंजाच्या इतिहासातूनच मिळतो. सामायिक यंत्रणेत जोडलेल्यांखेरीज एक न जोडलेला मनुष्य नेहमी असतो, ज्याच्या मालाचा भाव त्या यंत्रणेत ठरत असतो. रिसोड, मालेगाव, मानोरा वा मंगरूळपीर येथून सोयाबीन घेऊन निघालेला शेतकरी या यंत्रणेचा ग्राहक नाही. त्याला शेवटी भ्रमणध्वनीवर एक आकडा मिळतो आणि तो स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार असतो. तो आकडा कोणत्या क्रमाने, किती बोलींतून, कोणत्या तपासणीवरून आला, हे त्याला कळण्याची सोय नसेल, तर त्याचा नकाराचा अधिकार आंधळा राहतो. वऱ्हाडच्या पहिल्या कायद्यात उत्पादकाला समितीवर जागा नव्हती. ती उणीव दूर होण्यास अनेक दशके जावी लागली. संगणकीय बाजाराचे नियम अजून घडत आहेत. तीच उणीव त्यांत पुन्हा पेरली जाणार नाही, एवढी दक्षता आजच घेता येण्यासारखी आहे.